रतनपूरचा गजकिल्ला आणि आपण

छत्तीसगडात स्थायिक झालेल्या मराठी माणसास 'आपला किल्ला कोणता?' असे विचारल्यास तो रायगड, सिंहगड किंवा पन्हाळा यांचे नाव घेईल. हे स्वाभाविकच आहे. परंतु बिलासपूरच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर रतनपूरचा गजकिल्ला उभा आहे, आणि त्याच्या इतिहासाशी मराठ्यांचा फार निकटचा संबंध आहे. तो संबंध निव्वळ गौरवाचा नाही, म्हणूनच तो नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

अकराव्या शतकात कलचुरी राजा रत्नदेव याने तुम्माण सोडून रतनपूर येथे राजधानी वसविली. पुढे सुमारे सात शतके त्याच्या वंशाने येथे राज्य केले. गजकिल्ला हा भुईकोट असून त्याच्या सभोवती खंदक आहे. त्याच्या प्रवेशद्वारात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसविलेले दिसतात. आपली मस्तके छेदून शिवास अर्पण करणारा रावण त्यांतच आहे.

इ. स. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले असता रतनपुरावर चालून आले. वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचलेला होता. त्याने प्रतिकार केला नाही. मराठ्यांच्या तोफांनी राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखविले, असे परंपरा सांगते. नगरावर एक लाख रुपयांची खंडणी बसली. आपल्या इतिहासात परक्यांच्या तोफांनी आपले तट कोसळल्याच्या कथा आपण वाचतो. येथे तोफा आपल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

पुढे १७५८ साली रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, आणि जेत्याचा रहिवासी झाला. त्यांनी टेकडीवर रामाचे देऊळ बांधले. ती टेकडी आज रामटेकरी म्हणून ओळखली जाते. कचेरीत मराठी भाषा व मोडी लिपी आली. विजयादशमीस सोने वाटण्याची चालही येथे त्यांनीच रुजविली, असे मानतात. १७८७ साली ते निवर्तले. किल्ल्यातील लक्ष्मीनारायणाचे देऊळ त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी बांधल्याचे सांगतात. त्यानंतर मात्र नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांचा अंमल सुरू झाला.

इ. स. १८१८ हे वर्ष दोन दूरच्या गडांना सारखेच अशुभ ठरले. त्या वर्षी मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांपुढे रायगड पडला. आणि त्याच वर्षी इंग्रज अधीक्षकाने छत्तीसगडचा कारभार रतनपुराहून रायपुरास हलविला. दोन्ही ठिकाणचे वैभव ओसरले. परंतु पुढील कथा सारखी नाही. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी 'केसरी'तून आवाहन केले, गोरगरिबांनीही यथाशक्ती वर्गणी दिली, आणि १८९६ साली गडावर उत्सव झाला. समाधीचे काम पुरे होण्यास मात्र पुढे तीन दशके लागली. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत रायगड आहे; तसाच महाराष्ट्राबाहेरचा, तामिळनाडूतील जिंजीही आहे.

रतनपूरच्या किल्ल्याचे संरक्षण केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा वास्तूचे जतन म्हणजे तिला नवे रूप देणे नव्हे. भिंतीत शिरलेली पिंपळाची मुळे काढणे, पाण्यास वाट देणे, निखळलेला दगड त्याच्याच जागी बसविणे, हे खरे काम होय. दर्जा भरण्यासाठी सिमेंट चालत नाही. ते ओल कोंडून धरते आणि जुना दगड फुटतो. त्यासाठी भाजून विझविलेला व घाणीत मळलेला चुनाच लागतो. नंदिनीच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. आपल्या खाणीची चुनखडी भिलाईच्या झोतभट्टीत लोखंडातील मळ वेगळा करते. तोच चुना शतकानुशतके दगडास दगड जोडीत आला आहे.

दगडाचे काम खाते करील, पण स्मृतीचा जीर्णोद्धार कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. तो समाजानेच करावयाचा असतो. पोटापाण्यासाठी आलेलो आपण या भूमीचे अन्न पन्नास वर्षांहून अधिक काळ खात आहोत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने दरवर्षी एक सहल रतनपुरास न्यावी, आणि ती छत्तीसगडी शेजाऱ्यांसह न्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. रामटेकरीवर मुलांना बिंबाजींची गोष्ट अवश्य सांगावी. परंतु त्याआधी तटापाशी उभे राहून, निशाण दाखविणाऱ्या त्या राणीची गोष्ट सांगावी.