इन्सुलिन ग्राही आणि इन्सुलिन-रोध

पेशीच्या पटलात आरपार रुतलेल्या आणि रक्तातून येणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाला बांधून घेणाऱ्या प्रथिनाला इन्सुलिन ग्राही म्हणतात. इन्सुलिनचा निरोप पोचूनही स्नायू, यकृत आणि मेदऊतक यांच्या पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, त्या अवस्थेला इन्सुलिन-रोध म्हणतात. दवाखान्यात आणि घरोघरी ती ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, यकृतात साचणारी चरबी आणि स्त्रियांमधील पीसीओडी या तिन्हींशी तिचा जवळचा संबंध आहे.

ग्राहीच्या रेणूत दोन आल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. आल्फा साखळ्या पेशीच्या बाहेर राहून इन्सुलिनला धरतात, तर बीटा साखळ्या पटल ओलांडून आत उतरतात. बीटा साखळीचा आतला भाग हा स्वतःच एक विकर आहे. इतर प्रथिनांमधील टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा गट चढवणे हे त्याचे काम असून अशा विकराला टायरोसीन कायनेज म्हणतात. इन्सुलिन बांधले गेले की ग्राहीचा आकार बदलतो, दोन बीटा साखळ्या जवळ येतात आणि एकमेकींवर फॉस्फेट चढवून स्वतःला कार्यान्वित करतात. ग्राहीवर इन्सुलिन बांधले जाते हे १९७१ मध्ये थेट मोजमापाने दाखवले गेले, त्याची टायरोसीन कायनेज क्रिया १९८२ च्या सुमारास लक्षात आली आणि १९८५ मध्ये त्याच्या जनुकाचा क्रम उलगडला.

कार्यान्वित ग्राहीजवळ सर्वप्रथम येतात ती आयआरएस या नावाने ओळखली जाणारी जुळणी-प्रथिने. त्यांच्या टायरोसीनवर फॉस्फेट चढले की पीआय-३ कायनेज हे विकर त्यांना चिकटते आणि पटलाच्या आतल्या बाजूला पीआयपी-३ नावाचा एक स्निग्ध रेणू तयार करते. त्याच्या ओढीने एकेटी हे विकर पटलाशी येऊन जागे होते. पुढच्या वाटा एकेटीपासून फुटतात. स्नायूच्या आणि मेदाच्या पेशीत ग्लूट-४ ही ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने एरवी आतल्या लहान पिशव्यांमध्ये राखीव असतात. एकेटीने एएस-१६० या प्रथिनाचा अटकाव दूर केला की त्या पिशव्या पटलाशी जाऊन मिसळतात आणि ग्लुकोज आत येऊ लागते. एकेटी दुसरीकडे जीएसके-३ या विकराला आवर घालून ग्लायकोजेनची साठवण वाढवते आणि यकृतात फॉक्सो-१ या प्रथिनाला केंद्रकाबाहेर काढून नवे ग्लुकोज बनवण्याची जनुके थंडावते. ग्राहीपासून निघणारी आणखी एक वाट रास आणि मॅप कायनेज यांच्यामार्गे पेशीची वाढ व विभाजन यांकडे जाते. काम झाले की पीटीपी-१बी हे विकर टायरोसीनवरचे फॉस्फेट काढते, पीटेन पीआयपी-३ मोडते आणि इन्सुलिनसह ग्राही पेशीच्या आत ओढला जातो.

इन्सुलिन-रोधाचे मूळ बहुतांश रुग्णांत ग्राहीच्या खाली, आयआरएस आणि पीआय-३ कायनेज यांच्या टप्प्यावर असते, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण होय. ग्राहीच्याच जनुकात दोष असलेले डोनोह्यू लक्षणसमूहासारखे विकार अत्यंत विरळ आहेत. सतत चढलेल्या इन्सुलिनमुळे पेशीवरील ग्राहींची संख्या घटते हे खरे, तथापि पूर्ण परिणामासाठी सर्व ग्राही व्यापले जाणे गरजेचे नसल्याने एवढ्या घटीने आजाराचा उलगडा होत नाही. त्वचेखाली मावेनाशी झालेली चरबी यकृतात व स्नायूंत उतरते तेव्हा तेथे डायअसिलग्लिसरॉल हा स्निग्ध रेणू साचतो आणि प्रोटीन कायनेज-सी गटातील विकरे जागी करतो. सेरामाइड एकेटीला दाबते. फुगलेल्या मेदऊतकात शिरलेल्या संरक्षक पेशींनी सोडलेले टीएनएफ-आल्फा जेएनके या विकराला चेतवते. या विकरांच्या प्रभावाने आयआरएसवर टायरोसीनऐवजी सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढते, आणि असे झालेले प्रथिन ग्राहीचा निरोप नीट पुढे नेऊ शकत नाही.

हा रोध सर्व वाटांवर सारखा नसतो, आणि त्याचे खरे नुकसान याच विषमतेत आहे. यकृत ग्लुकोज बनवणे थांबवत नाही, परंतु त्याच यकृतात इन्सुलिनच्या हुकमाने चालणारी चरबीची निर्मिती मात्र चालू राहते. रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि ज्या ऊती अजून ऐकत असतात त्यांच्यावर त्याचा अतिरिक्त मारा होतो: अंडाशयात पुरुष-संप्रेरके वाढतात आणि मानेच्या व काखेच्या त्वचेच्या पेशी भराभर वाढून तेथे मखमलीसारखा काळपट थर येतो. शाळकरी मुलामुलींच्या मानेवरचा हा काळेपणा मळ समजून घासला जातो, वास्तविक तेथे साबणाऐवजी तपासणीची गरज असते.

कृश दिसणाऱ्या भारतीयांत हा रोध का आढळतो, या प्रश्नावर महाराष्ट्रात मोलाचे काम झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांत स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण पाठीच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. याच मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वाधिक दिसला तो ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्यांच्यात. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली: दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा येथे काय लपवतो, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दाखवले गेले असेल. रोध हेच मधुमेहाचे मूळ कारण मानण्यावर पुण्याच्याच आयसरमध्ये अध्यापन केलेले जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी सविस्तर आक्षेप घेतले आहेत, आणि आधी रोध की आधी वाढलेले इन्सुलिन हा वाद अद्याप मिटलेला नाही.

आयसीएमआर-इंडियाब या सर्वेक्षणाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ८.४ टक्के मधुमेही होते आणि १२.८ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे बोलीतल्या ‘बॉर्डरवर’, होते. शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण ग्रामीण भागाहून जास्त होते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली येथे कोकण, देश व खानदेशातून दोन-तीन पिढ्यांत येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांना पुण्याच्या गावांतील निष्कर्ष परके नाहीत, कारण कमी वजनाने जन्मलेले आणि नंतर भरपूर आहार व बैठे काम वाट्याला आलेले शरीर हीच येथील अनेकांची पार्श्वभूमी आहे. त्यात प्रवासाची भर पडते: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर असल्याने रात्रीचे जेवण उशिरा आणि झोप अपुरी होते. शिकागो येथे १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले असता त्यांच्या शरीराची ग्लुकोज वापरण्याची क्षमता स्पष्टपणे घटली. प्रयोगातील तरुण आणि पहाटे उठून डबा करून लोकल गाठणारी डोंबिवलीची गृहिणी यांची परिस्थिती एक नव्हे, तरी अपुऱ्या झोपेला आळस वा सवय म्हणून सोडून देता येत नाही हे त्यातून कळते.

निदानासाठी उपाशीपोटी ग्लुकोज (मिलिग्रॅममध्ये) आणि इन्सुलिन (सूक्ष्म एककांत) मोजून दोहोंच्या गुणाकाराला ४०५ ने भागतात. या होमा-आयआर निर्देशांकाचा उपयोग संशोधनात अधिक, कारण इन्सुलिनची मोजणी प्रयोगशाळेगणिक बदलते. नित्याच्या तपासणीत कंबरेचा घेर हे स्वस्त आणि बोलके माप होय: भारतीयांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते, आणि सडपातळ माणसाचाही घेर ती ओलांडू शकतो.

औषधांपैकी मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताची ग्लुकोजनिर्मिती कमी करते आणि पायोग्लिटाझोन चरबी पुन्हा त्वचेखाली साठवू देऊन यकृत व स्नायू मोकळे करते. स्नायूला मात्र इन्सुलिनखेरीज दुसरीही वाट आहे. आकुंचनाच्या वेळी एएमपीके आणि कॅल्शियम यांच्या संकेतांनी ग्लूट-४ ग्राहीला न विचारता पटलाशी येते, म्हणून ज्याच्या पेशीत आयआरएसची वाट अडलेली आहे त्याच्याही स्नायूत जेवणानंतर चालताना ग्लुकोज शिरते, आणि व्यायाम संपल्यावर साधारण एक ते दोन दिवस तोच स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो.