शीघ्र हस्तक्षेप, विशेष शिक्षणातील
श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता वा विकासातील विलंब असलेल्या बालकास जन्मापासून साधारणतः सहाव्या वर्षापर्यंत निदान, प्रशिक्षण व पालक-मार्गदर्शन यांद्वारे दिले जाणारे साहाय्य. ‘अपंग बालकाचे शिक्षण शालाप्रवेशानंतर’ ही जुनी धारणा या कल्पनेने बदलली.

तिचे मूळ एकोणिसाव्या शतकारंभीचे फ्रेंच वैद्य ईतार व त्यांचे शिष्य सेगँ यांच्या ज्ञानेंद्रिय-प्रशिक्षणात आढळते. मारिया माँटेसरी यांनी त्यांची साधने प्रथम मंदबुद्धी मुलांसाठी व १९०७ पासून सर्वसामान्य बालकांसाठी वापरली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी महाराष्ट्रात ही पद्धती बालवाडीत आणली. अशा प्रकारे अपंग बालकांसाठी जन्मलेले तंत्र येथे मुख्यतः इतरांच्या शिक्षणातून रुजले.

१९७४ च्या केंद्रीय एकात्म शिक्षण योजनेचा भर सामान्य शाळेतील प्रवेशावर होता. १९७५ पासूनच्या अंगणवाड्या शालापूर्व बालकांपर्यंत पोहोचल्या. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी व जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांत साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणी कुटुंबे बाहेरून येतात. त्यांच्या बालकाची तपासणी एका जिल्ह्यात झाली, तरी पाठपुरावा दुसऱ्या जिल्ह्यात करावा लागतो आणि तेथेच तो खंडित होण्याचा धोका असतो. कर्णबधिर बालकाला यंत्र उशिरा मिळाल्यास भाषा आत्मसात करण्याचा काळ निघून जातो व पुढील शाळा ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही. म्हणून माता व अंगणवाडी सेविका याच या शिक्षणातील पहिल्या शिक्षिका ठरतात.