कुतुपालाँग निर्वासित छावणी

बांगलादेशाच्या कॉक्स बझार जिल्ह्यातील रोहिंग्या निर्वासितांची विस्तीर्ण छावणी. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातून ७ लाखांहून अधिक लोक या जिल्ह्यात आले. घरे बांबू-ताडपत्रीची, रीतसर नोकरीस मनाई असल्याने चूल मदतीवरच पेटते. जागतिक अन्न कार्यक्रमाने निधीअभावी माणशी महिना १२ डॉलरचे अन्नकुपन २०२३ मध्ये आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणले. म्हणजे दिवसाला जेमतेम २७ सेंट. एवढ्यात तांदूळ, डाळ, तेल भागवायचे, तर मासळी-अंडी परवडणार कशी? २०२४ मध्ये रक्कम पुन्हा वाढली, तरी निधीची टांगती तलवार कायम राहिली. कमाईची मुभा न देता शिधा कापणे हा उघड अन्याय होय. निर्वासितांच्या कामाच्या हक्काची तरतूद असलेल्या १९५१ च्या निर्वासित करारावरही बांगलादेशाने सही केलेली नाही.