हिंदी क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा, १९११

निरनिराळ्या धर्मांच्या खेळाडूंचा मिळून बनलेल्या पहिल्या हिंदी संघाने १९११ च्या उन्हाळी हंगामात केलेला इंग्लंडचा दौरा. संघाचे बहुतेक सामने गमावले गेले; तथापि बाळू पालवणकर (१८७६–१९५५) या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मराठी गोलंदाजाच्या कामगिरीमुळे हा दौरा हिंदी क्रिकेटच्या आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातही महत्त्वाचा ठरला.

पार्श्वभूमी : यापूर्वी १८८६ व १८८८ मध्ये मुंबईच्या पारशी संघांनी इंग्लंडचे दौरे केले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी संयुक्त संघ पाठविण्याचे प्रयत्न झाले. परंतु कोणत्या समाजाला किती जागा द्याव्यात, या वादामुळे ते निष्फळ ठरले. १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत यूरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केल्यानंतर हिंदी खेळाडूंविषयीचा आत्मविश्वास वाढला. पुढे संस्थानिक व धनिक यांच्या आश्रयाने, पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहण समारंभाच्या वर्षी हा दौरा घडून आला. निवड पारशी, हिंदू व मुस्लिम या समाजांचा तोल सांभाळून करण्यात आली. पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार होते.

बाळू पालवणकर : चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्याच्या पारशी क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामावर दरमहा तीन रुपयांवर होते. पुढे यूरोपीयांच्या पूना क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरविणे, जाळी बांधणे ही कामे करीत असता सरावासाठी त्यांना साहेबांना चेंडू टाकावे लागत. फलंदाजी करण्याची संधी मात्र तेथे त्यांना मिळाली नाही. ग्रेग यांच्यासारख्या निष्णात फलंदाजाला चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी घडत गेली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांना चाले, भांड्याचा स्पर्श मात्र चालत नसे. साताऱ्याच्या यूरोपीय जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात बळी घेतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. पुढे बाळू मुंबईस गेले आणि रेल्वेच्या नोकरीत राहून हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही १९११ च्या संघात होते.

हंगाम : संघाने एकूण २३ सामने खेळले, त्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले व २ अनिर्णित राहिले. १४ सामने प्रथम दर्जाचे होते. त्यांत २ विजय, १० पराभव व २ अनिर्णित अशी स्थिती होती. कर्णधार महाराज मोजकेच सामने खेळले; राज्यारोहणाच्या समारंभांत ते गुंतले आणि त्यांच्या पदरी असलेले डावखुरे फलंदाज केकी मिस्त्री यांचाही संघास फारसा उपयोग झाला नाही. परकी हवा, अनोळखी मैदाने आणि लागोपाठच्या सामन्यांचा ताण यांमुळे पराभवांची मालिका सुरू झाली. लेस्टरशर कौंटीविरुद्ध ती खंडित झाली. होरमसजी कांगा यांच्या १६३ धावा आणि बाळू यांचे बळी यांमुळे हा सामना जिंकता आला. सॉमरसेटविरुद्धचा सामना केवळ एक गडी राखून जिंकला गेला. शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या.

त्या वर्षीचा उन्हाळा इंग्लंडात विलक्षण कडक व कोरडा होता. टणक खेळपट्ट्या मंदगती गोलंदाजास फारशा अनुकूल नसतात. तरीही पस्तिशीतील बाळू यांनी दौऱ्यात ११४ बळी मिळविले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांचे ७५ बळी असून त्यांची सरासरी २०·१२ होती. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले.

परिणाम : केवळ निकाल पाहता दौरा अयशस्वी म्हणावा लागतो. जन्म, पद व समाज यांच्या आधारे उभारलेल्या या संघाचा भार प्रत्यक्ष खेळात मजुरीवर क्रिकेट शिकलेल्या गोलंदाजावर पडला, ही गोष्ट लक्षणीय आहे. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळू यांचा सत्कार केला. तथापि संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये बाळू यांना वगळले गेले व त्यांचे बंधू विठ्ठल यांस कर्णधारपदासाठी डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघ सोडला. लोकमताच्या दडपणाने बंधूंना परत घ्यावे लागले व बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, त्यामुळे बाळू कसोटी खेळाडू ठरले नाहीत. परंतु हिंदी क्रिकेटमधील पहिले श्रेष्ठ गोलंदाज म्हणून त्यांचे स्थान १९११ च्या या हंगामाने निश्चित केले.