मांजराच्या कपाळींचा लेख

आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहें, तो ऐकून कित्येकांस हसूं येईल. इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तह आणि सनदा हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु इतिहासाचा एक लेख असाहि आहे कीं, तो वाचावयास दप्तरखान्यांत जावें लागत नाहीं. तो आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं दुधाच्या आशेनें येऊन बसलेला असतो. मी मांजराच्या चेहऱ्याविषयीं बोलत आहें. त्यांतहि वंशावळीचें प्रमाणपत्र बाळगणाऱ्या श्रीमंताघरच्या मांजराच्या नव्हे, तर गल्लींत जन्मलेल्या, बाप कोण हें ठाऊक नसलेल्या, संकरज आणि अर्धरानटी मांजराच्या.

आमच्या मराठवाड्यांत मूल जन्मलें म्हणजे सटवाईची पूजा होते. पूजेंत कोरा कागद आणि लेखणी ठेवितात. रात्रीं सटवाई येते आणि बाळाच्या कपाळीं त्याचें भविष्य लिहून जाते, अशी बायकांची श्रद्धा आहे. बंगालांत हीच देवता षष्ठी या नांवानें पुजिली जाते आणि तेथें तिचें वाहन मांजर आहे. मौज अशी कीं, लिहिणाऱ्या देवीच्या या वाहनाच्या कपाळींहि एक लेख आहे. आमच्या चाकूर गांवांतील कोणतेंहि पट्टेदार मांजर पाहा. त्याच्या डोळ्यांच्या वर, कपाळाच्या मधोमध, कांहीं गडद रेषा दिसतील. रोमन लिपी जाणणाऱ्यास त्यांत 'एम्' हें अक्षर दिसतें. युरोपांतील भाविक तें येशूमाता मेरीचें आद्याक्षर समजतात. मुसलमान समाजांत ती पैगंबरांच्या प्रेमळ हाताची खूण आहे अशी कथा सांगतात. प्रत्येकानें तो लेख आपापल्या लिपींत वाचला.

तो लेख खरोखर कोणाचा, याचा उलगडा अलीकडच्या काळांत झाला. 2007 सालीं जगभरच्या सुमारें एक हजार मांजरांची जनुकें तपासून संशोधकांनीं दाखविलें कीं, सर्व पाळीव मांजरांचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिकेच्या उत्तर भागांत व पश्चिम आशियांत राहणारें रानमांजर होय. मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यामागें उंदीर आले आणि उंदरांमागें हें रानमांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या थडग्याशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें. त्या बेटावर मुळांत मांजरें नव्हतीं, अर्थात् माणसानेंच तें होडींतून नेलें असलें पाहिजे. या रानमांजराच्या अंगावर वाळक्या गवतांत मिसळून जाणारे पट्टे असतात आणि कपाळावर त्याच रेषा असतात. म्हणजे ती खूण देवाची नव्हे, पैगंबराची नव्हे. ती पूर्वजाची सही आहे.

आपल्या देशांतील मांजराचा माग काढूं गेल्यास पहिला पुरावा सिंध प्रांतांत मिळतो. 1935-36 सालीं मॅके यांनीं चन्हुदडो येथें उत्खनन केलें, तेव्हां चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची एक वीट सांपडली. वीट ओली असतांना तिच्यावरून एक मांजर धांवत गेलें आणि त्याच्या पाठोपाठ एक कुत्रा; दोघांचीं पावलें तशींच भाजलीं गेलीं. त्या मांजराचें तोंड मात्र आपणांस दिसत नाहीं. तें दिसूं लागतें संस्कृत वाङ्मयांत. मांजर या शब्दाचें मूळ 'मार्जार'. 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणें, सदा अंग चाटून साफ करणारें तें मार्जार. नांव इतकें निर्मळ, पण लौकिक तसा नव्हे. मनुस्मृतींत ढोंगी माणसास 'बैडालव्रतिक' म्हटलें आहे. महाबलिपुरच्या सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पपटांत एक मांजर मागच्या पायांवर उभें राहून, पुढचे पाय वर करून, तपश्चर्येचें सोंग करीत आहे आणि उंदीर त्याच्याभोंवतीं विश्वासानें जमले आहेत. 'डोळे मिटून दूध पिणें' ही आपली म्हण त्याच दृष्टीची. मांजराच्या चेहऱ्यावर आपल्या पूर्वजांनीं पहिल्यानें वाचलें तें ढोंग!

परंतु पंचतंत्रांतील एका मांजराच्या नांवाकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. ससा व पक्षी यांच्या भांडणाचा न्याय करण्याच्या मिषानें दोघांसहि खाऊन टाकणारा नदीकांठचा तपस्वी बोका आपण लहानपणीं ऐकला आहे. त्याचें नांव 'दधिकर्ण', म्हणजे दह्यासारख्या कानांचा. रानांतल्या कोणत्याहि मांजराचे कान सहसा असे पांढरेशुभ्र नसतात. घोडा असो, गाय असो, कुत्रा असो वा मांजर असो, अंगावर पांढरे ठिपके आणि डाग वाढणें ही माणसाच्या सहवासाची खूण आहे. रानांत तसा प्राणी शत्रूच्या व भक्ष्याच्याहि नजरेंत भरतो आणि टिकत नाहीं. म्हणून माझा तर्क असा कीं, ज्यानें हें नांव योजिलें त्यानें पाळीव वंशाचें, पण घर सोडून नदीकांठीं राहिलेलें मांजर डोळ्यांनीं पाहिलें होतें. पंचतंत्राचें पहलवी भाषांतर इराणांत सहाव्या शतकांत झालें. तेव्हां मूळ ग्रंथ त्याहून जुना. संकरज, अर्धरानटी मांजराचा चेहरा इतक्या पूर्वीं आपल्या वाङ्मयांत नोंदला गेला आहे.

मांजरें घरांतून रानांत गेलीं तशीं देशांतून परदेशांतहि गेलीं. लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जातें, असें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत लिहिलें आहे. हिंदुस्थानांतून गेलेलीं गलबतें तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या इजिप्तच्या बंदरास लागत. त्या बंदरांत पहिल्या-दुसऱ्या शतकांत मांजरें पुरलेलीं सांपडलीं आहेत. आणि 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, तेथील एका मांजराचा मातृवंश आफ्रिकेचा नव्हे, तर आशियांतील ठिपकेदार वाळवंटी मांजराचा आहे. हें वाळवंटी मांजर आपल्याकडे राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळांवर राहतें. तगरच्या गाडींत मांजर होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या मार्गानें दक्षिणेचें कापड गेलें, त्याच समुद्रमार्गानें पूर्वेकडचें मांजरहि पश्चिमेस पोंचलें, हें मानण्यास आतां जागा आहे. सारांश, जात शुद्ध राहिली असें मांजर मुळांत फारसें नाहींच.

आतां गल्लींतल्या विचित्र चेहऱ्यांकडे वळूं. आमच्या आळींत एक भाटी होती. तिचा चेहरा नाकाच्या रेषेवर दुभंगल्यासारखा. एक बाजू काळी, एक तांबूस. कोणी म्हणे, तिचे बाप दोन. कोणी तिला अर्धनारीनटेश्वर म्हणे. खरें पाहतां ती पूर्णपणें मादीच होती, आणि मादी होती म्हणूनच तशी होती. तांबूस रंगाचें जनुक 'एक्स' या गुणसूत्रावर असतें. मादीजवळ तीं गुणसूत्रें दोन असतात, आणि गर्भाच्या प्रत्येक पेशींत त्यांपैकीं एक निद्रिस्त होतें. मेरी लायन या इंग्रज विदुषीनें हा नियम 1961 सालीं उंदरांवरून मांडला. जेथें एक निजलें तेथें काळा केस, जेथें दुसरें निजलें तेथें तांबूस. त्या जनुकाचा नेमका ठावठिकाणा जपानी व अमेरिकन संशोधकांनीं 2025 सालीं प्रसिद्ध केला. बोक्यांत असे दोन रंग क्वचित् दिसतात, आणि असा बोका बहुधा वांझ असतो.

दुसरा चेहरा काळ्या मुखवट्याचा. अंग दुधी, पण तोंड, कान, पाय व शेपटी काळसर. हा सयामकडील वंशाचा वारसा. अशा मांजराच्या अंगांतील रंग तयार करणारें द्रव्य उष्णतेनें निकामी होतें. म्हणून अंगाचे जे भाग थंड, तेच काळे होतात. पिलूं आईच्या उबदार पोटांतून येतें तें पांढरेंच. मुखवटा मागाहून चढतो.

तिसरा चेहरा सांगतांना मला थोडें थांबावें लागतें. शेजारीं एका घरीं शुभ्र पांढरें पिलूं होतें. त्याचा एक डोळा पिवळा, दुसरा निळा. घरांत आजारपण आलें आणि दोष त्या डोळ्यावर आला. शिवाय हांक मारली तरी तें वळून पाहत नसे, म्हणून त्यास माजोरी ठरविलें गेलें. एके दिवशीं पोत्यांत घालून त्यास बाजारतळापलीकडे सोडून आले. तें पुन्हां दिसलें नाहीं. मीं तेव्हां कांहीं बोललों नाहीं. पुढें वाचनांत आलें कीं, निळ्या डोळ्यांचीं पांढरीं मांजरें बहुधा बहिरीं असतात, ही गोष्ट डार्विननें 1859 सालच्या आपल्या ग्रंथांतच नमूद केली आहे. रंग देणाऱ्या पेशी गर्भांत पाठीच्या कण्याकडून निघून सर्वांगांत पसरतात. त्या डोळ्यापर्यंत पोंचल्या नाहींत तर डोळा निळा राहतो. आंतल्या कानापर्यंत पोंचल्या नाहींत तर कान ऐकूं शकत नाहीं. एकच डोळा निळा असेल तर बहिरेपण पुष्कळदां त्याच बाजूच्या कानास असतें. तें पिलूं माजोरी नव्हतें. त्याला हांक नीट ऐकूं येत नव्हती.

हें वाचलें तेव्हां मला मांजर आठवलें नाहीं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतला एक मुलगा आठवला. तो मागच्या बांकावर बसे, प्रश्न विचारला तर शून्य नजरेनें पाही. मीं त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा वाचला आणि त्यास कित्येक वेळां उभें केलें. लहानपणीं कान फुटून त्याचें ऐकणें गेलें होतें, हें मला वर्ष संपल्यावर कळलें. चेहरा वाचण्याची विद्या आम्हां शिक्षकांस येते असा आमचा समज असतो.

चेहरा चुकीचा वाचल्यानें होणारा आणखी एक अनर्थ आमच्या भागांत घडण्याजोगा आहे. लातूर जिल्ह्यांत ऊस पुष्कळ. ऊसतोड चालली असतां फडांत पिलें सांपडतात; 'संकरज मांजर दिसतें' म्हणून कोणी तीं घरीं आणतो. तीं बहुधा गल्लीच्या मांजराचीं नसतात. रानमांजराचे पाय लांब, शेपूट आंखूड, कानांच्या टोंकांस काळ्या केसांचा लहानसा झुबका आणि तोंडावरचे पट्टे अंधुक असतात. वाघाटी नांवाची दुसरी जात तर जगांतील सर्वांत लहान मांजरांपैकीं एक. पूर्ण वाढलेली असूनहि वजन जेमतेम किलो-दीड किलो, कान आंखूड व गोल, आणि कपाळावर पांढऱ्या-गडद उभ्या रेषा. या दोहोंसहि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. पिलें होतीं तेथेंच ठेवून माणसें दूर झालीं तर आई बहुधा रात्रीं येऊन त्यांस उचलून नेते. जुन्नर-नाशिककडील ऊसपट्ट्यांत वनखात्यानें अशा पुष्कळ भेटी घडवून आणल्या आहेत. घरीं आणलेलें पिलूं मात्र ना घरचें राहतें, ना रानचें.

यांत दुसरीहि भीति आहे. पाळीव व रानटी मांजरांचा संकर होतो, हें हिंदुस्थानांतील निरीक्षकांच्या आधारें डार्विननेंच 1868 सालीं लिहून ठेविलें. स्कॉटलंडांत हा संकर इतका माजला कीं, तेथील रानमांजर स्वबळावर तगण्याजोगें उरलें नाहीं, असा निर्वाळा तज्ज्ञांस 2019 सालीं द्यावा लागला. मागें राहिलें तें मांजर दिसावयास रानटी, पण रक्तानें गल्लींतलें.

आणि मुद्दाम घडविलेला चेहरा कसा असतो? पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी इराणांत असतां 1620 सालच्या पत्रांत लांब केसांच्या मांजरांचें कौतुक करतो. पुढें तो सुरत व गोवें येथेंहि येऊन गेला. त्या मांजरांचें नाक त्या काळीं सरळ होतें. 1871 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरलें, पारितोषिकांची चढाओढ सुरू झाली, आणि पुढच्या शतकांत इराणी मांजराचें नाक निवड करून करून दोन डोळ्यांच्या मध्यें दाबलें गेलें. आज तें मांजर घोरतें, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळतें, आणि आपण त्यास खानदानी म्हणतों. गल्लींतल्या बोक्याचे फुगीर गाल व फाटके कान आपणांस ओंगळ वाटतात. पण गाल वयांत आल्याची खूण आहेत आणि कान भांडणाची. कधीं एका कानाचें टोंक सरळ रेषेंत कापलेलें दिसतें. तें तर शस्त्रक्रिया करून संतति थांबविल्याची, वैद्यानें लिहिलेली नोंद आहे.

श्रोते हो, एका मांजराच्या चेहऱ्यावर असे अनेक हात लिहून जातात: रानांतला पूर्वज, वाट चुकलेली पेशी, दूरदेशींचें गलबत, दुखणें, भांडण आणि माणूस. यांपैकीं एकहि हात शकुन-अपशकुनाचा नाहीं. उद्यां उंबऱ्याशीं एखादें निराळ्या तोंडाचें मांजर येऊन बसेल, तेव्हां त्याला हाकलण्यापूर्वीं त्याच्या पाठीमागें उभें राहून एकदां टाळी वाजवून पाहा. ऐकूं येत नसेल, तर वाटी जरा त्याच्या नजरेसमोर ठेवा, इतकेंच.