उंदीर पडला, उंदीर वाचला

‘उंदीर पडला’ हे शब्द सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांतून पुष्कळांनी ऐकले असतील. आढ्यावरचा उंदीर धपकन खाली येऊन मेला, की बिऱ्हाड उचलायचे आणि रानात झोपडी घालायची. आज विश्रामबागेपासून मिरजेकडे घराला घर लागले आहे. त्या काळी वेस ओलांडली की मोकळे रान होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी पुण्यात याच रोगाने गेल्या. पुढच्या वर्षी सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले, की हा रोग उंदरावरच्या पिसवांमार्फत येतो. झाले, उंदीर गुन्हेगार ठरला! पण माणसाच्या आधी तो स्वतःच मरत होता.

सगळेच मात्र मरत नव्हते. मद्रास शहरात प्लेगने कधी ठाण मांडले नाही. तिथल्या उंदरांना जंतू टोचले की ते पटापट मरत. मुंबईचे उंदीर चिवट. हाफकिन इन्स्टिट्यूटमधील साहिबसिंग सोखी आणि चित्रे यांनी १९३७ साली हाच विषय मांडला. शेतकऱ्याला हे नवे नाही. तांबेऱ्यातून जी ताटे तगली, पुढचे बी त्यांचेच.

पण हे बी म्हणजे नेमके काय? ते जनुक, म्हणजे शरीरातले प्रथिन कसे घडवायचे हे सांगणारा आईबापांचा वारसा. १८९८ साली प्लेग मादागास्कर बेटावर पोचला. तिथल्या काळ्या उंदरांचे सीसीआर-५ हे जनुक संशोधकांनी तपासले. निष्कर्ष २००८ साली छापले गेले. या जनुकाचे प्रथिन पांढऱ्या पेशींच्या अंगावर असते; दुखऱ्या जागेहून आलेली हाक ते ऐकते आणि पेशी तिकडे धावतात. त्याच्या साखळीत १८४ व्या जागी हिस्टिडीन जाऊन आर्जिनीन आलेले उंदीर, जंतू टोचल्यावर वाचलेल्यांत अधिक निघाले. हेच ते जनुक, असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. संशोधकही ‘असावे’ एवढेच म्हणतात. माणसातही हे प्रथिन आहे, आणि एड्सचा विषाणू पुष्कळदा त्याच दारातून पेशीत शिरतो.

उंदीर चिवट झाले, हे साथ ओसरण्याचे एक कारण मानतात. तरी सगळेच उंदीर काही चिवट झालेले नाहीत. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर पडले, आणि मागोमाग माणसांना गाठी आल्या.