सुबाभळीचे आगमन आणि तणधोक्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक विचार

नवीन पीक देशात आणताना त्याचे उत्पन्न, पाण्याची गरज व उपयोग यांची चौकशी होते. ते शेताबाहेर पडल्यास काय होईल, हा प्रश्न मात्र बराच काळ दुय्यम मानला गेला. प्रस्तुत लेखात सुबाभळीच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही वनस्पती स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्समध्ये व तेथून आशियात पसरली. महाराष्ट्रात तिला महत्त्व आले ते १९७२ च्या दुष्काळानंतर. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने हवाईतील 'के-८' या उंच वाणाचा पुरस्कार केला. चारा, सरपण आणि जमिनीला नत्र देणारे हे झाड दुष्काळी मुलखाला वरदान वाटले, आणि ते वाटणे अवाजवी नव्हते.

परंतु पीक म्हणून जे गुण, तेच तण म्हणून दोष होत. लवकर फुलणे, एकट्या झाडालाही शेंगा धरणे, तोडल्यावर पुन्हा फुटणे. रोपवाटिकेत बी पेरण्यापूर्वी गरम पाण्यात टाकावे लागते, ते त्याच्या कठीण कवचामुळे. त्याच कवचामुळे ते मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. शिवाय हवाईत या जातीचा झुडुपी प्रकार पडीक जमिनी व्यापून बसला होता. उंच वाण निराळा, असे उत्तर त्यावर देता येई. पण बी तोही धरतो.

ऑस्ट्रेलियाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या तणधोका मूल्यमापन पद्धतीत ४९ प्रश्न आहेत. गुण ६ पेक्षा अधिक झाल्यास वनस्पती नाकारली जाते, १ पेक्षा कमी असल्यास स्वीकारली जाते; मधल्यांची अधिक तपासणी होते. यांपैकी 'अन्यत्र ती तण ठरली आहे काय?' हा प्रश्न आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. तो विचारण्यास १९७० च्या दशकातही कोणत्याही गुणपत्रिकेची गरज नव्हती.

भारतात १९१४ च्या कायद्याचा भर पिकांवरील कीड व रोग यांवर होता. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात तणांची स्वतंत्र यादी आली. मात्र अशा यादीत तण म्हणून ओळखलेल्या वनस्पती येतात. सुबाभूळ आली होती पीक म्हणून, निमंत्रण देऊन.